माहेर पांढुर्णा, सासर सौंसर

माझं माहेर पांढुर्णा आणि सासर सौंसर. लग्न ठरलं तेव्हा मैत्रिणींनी 'सासर सौंसर, सासर सौंसर' असा नुसता जप लावला होता. पुण्या-मुंबईच्या माणसाला ही गावं कुठं आहेत ते सांगायचं तर मला हवेत बोटानं नकाशा काढावा लागतो. नागपूर म्हटलं की समोरची मान डोलते. मध्य प्रदेश म्हटलं की कपाळाला आठी पडते, कारण 'मग तुमची मराठी इतकी चांगली कशी?' हा प्रश्न ओठावर आलेला असतो. आणि पांढुर्णा म्हटलं की विचारतात, "म्हणजे ते गोटमारीचं गाव?"

हो, तेच. वर्षातून एक दिवस नदीच्या दोन काठांवरून लोक एकमेकांना दगड मारतात, ते. टीव्हीवाले त्या एका दिवशी येतात, रक्तानं माखलेली डोकी दाखवतात आणि निघून जातात. उरलेले तीनशे चौसष्ट दिवस हे गाव काय करतं, हे कुणी विचारत नाही. मी ते आधी सांगणार आहे. गोटमारीकडे मग येऊ. टाळता तर येणारच नाही.

सातपुड्याच्या दक्षिण उताराच्या पायथ्याशी, नागपूरच्या उत्तरेला आमचा हा पट्टा आहे. जुन्या कागदांत छिंदवाडा जिल्ह्याचे दोन भाग सांगितलेले असत. घाटाच्या वरचा तो बालाघाट आणि घाटाखालचा तो जेरघाट. आम्ही जेरघाटातले. वरती गहू पिकतो, हवा थंड, बोली हिंदीकडे झुकलेली. खाली काळी जमीन, कापूस, ज्वारी, तूर, आणि बोली वऱ्हाडी-नागपुरी वळणाची मराठी. पवार मंडळींच्या घरात पवारी ऐकू येते, गोंडांच्या वस्तीत गोंडी. आमच्यासारख्या ओसवालांच्या घरात मारवाडी. माझी आई, जिला आम्ही बाई म्हणायचो, देवाशी मारवाडीत बोलायची, दूधवाल्याशी मराठीत आणि तहसीलदाराच्या बायकोशी हिंदीत. तिला यात काही विशेष वाटत नसे. आपण तीन भाषा बोलतो हेही तिला ठाऊक नव्हतं, असं मला वाटतं.

पांढुर्णा नागपूर–इटारसी रेल्वेमार्गावर आहे. नरखेड सुटलं की महाराष्ट्र संपतो, पांढुर्णा येतं, आणि पुढं गाडी मुलताईच्या दिशेनं चढाला लागते. १९२९मध्ये दक्षिणेत काजीपेट–बल्लारशाह हा दुवा जोडला गेला आणि दिल्ली–मद्रास अशी सलग गाडी याच रुळांवरून धावू लागली. त्यामुळे आमच्या लहानशा गावाच्या दारावरून अख्खा देश जात असे. थांबायच्या गाड्या मोजक्या, पण जाणाऱ्या खूप. बापूजींच्या कापडाच्या दुकानातलं घड्याळ बंद पडलं तरी चालायचं, गाडीच्या आवाजावर वेळ कळायची. २०११च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या ४५ हजारांच्या घरात होती. म्हणजे शहर म्हणावं तर लाज वाटते, आणि खेडं म्हटलं तर गावकऱ्यांना राग येतो.

सौंसर नागपूर–छिंदवाडा रस्त्यावर. तिकडची गाडी म्हणजे बंगाल–नागपूर रेल्वेनं टाकलेली 'छोटी लाइन'. मी नवी नवरी होऊन सौंसरला गेले आणि या गाडीची ओळख झाली. चढावर ती इतकी हळू व्हायची की पोरं उतरून बोरं तोडत आणि पुन्हा चढत. २०१५च्या शेवटी ती बंद झाली आणि तिच्या जागी मोठी लाइन आली. सोय झाली, यात शंका नाही. पण डब्यात बसल्या बसल्या शेतातल्या माणसाला 'काय भाऊ, कापूस कसा आहे?' म्हणून विचारायची आणि उत्तर ऐकून पुढं जायची सोय गेली.

सौंसरचं आणखी एक वैशिष्ट्य खुद्द सौंसरमध्ये फार थोड्यांना माहीत असेल. जगभरचे भूवैज्ञानिक या गावाचं नाव जाणतात. गेल्या शतकाच्या सुरुवातीला एल. एल. फर्मर या भूवैज्ञानिकानं भारतातल्या मँगनीजच्या साठ्यांचा अभ्यास केला, १९०९ साली त्याचा मोठा ग्रंथ आला. इथल्या मँगनीज असलेल्या अतिप्राचीन खडकांच्या समूहाला पुढं 'सौंसर' हेच नाव पडलं. हा पट्टा छिंदवाड्याकडून नागपूर, भंडारा, बालाघाटपर्यंत जातो. मध्ये राज्याची सीमा आली म्हणून तो थांबत नाही. माझ्या सासऱ्यांना मी एकदा हे सांगितलं, तर ते म्हणाले, "म्हणजे तुमच्या माहेरचेही दगड आणि आमचेही दगडच की!" घरात सगळे हसले. मीही हसले. पण खरं सांगायचं तर थोडं लागलं.

आता इतिहास. शाळेत आम्हाला तो पानिपत आणि प्लासीचा शिकवला. आपल्या पायाखालचा मला पुष्कळ उशिरा कळला. छिंदवाड्याच्या डोंगरात देवगड आहे, गोंड राजांची राजधानी. तिथला राजा बख्त बुलंद शाह खाली उतरला आणि सतराशे दोनच्या सुमारास त्यानं बारा लहान वस्त्या एकत्र करून नागपूर वसवलं. म्हणजे ज्या नागपूरकडे आम्ही सदा मोठ्या बहिणीकडे पाहावं तसं पाहत आलो, ते आमच्याच डोंगरातून उतरलेल्या माणसानं उभं केलेलं. अठराव्या शतकाच्या मध्याला देवगडचं राज्य भोसल्यांकडे गेलं. १८१७मध्ये सीताबर्डीची लढाई झाली. १८५३मध्ये तिसरे रघुजी निपुत्रिक वारले आणि डलहौसीनं नागपूरचं राज्य खालसा केलं. १८६१मध्ये मध्य प्रांत झाला, त्याची राजधानी नागपूर. १९५०मध्ये त्याचंच नाव मध्य प्रदेश झालं, राजधानी तरीही नागपूर. राजे बदलले, साहेब बदलले, झेंडे बदलले. पांढुर्ण्याच्या शेतकऱ्याचा सरकारी रस्ता मात्र अडीचशे वर्षं नागपूरलाच जात होता.

मग १ नोव्हेंबर १९५६ उजाडला. फजल अली आयोगानं राज्यांची मांडणी करताना बहुतेक ठिकाणी जिल्हा हे एकक धरलं होतं. नागपूर, वर्धा, चांदा, भंडारा, अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा हे आठ मराठी जिल्हे मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्हा हिंदी, म्हणून तो राहिला. त्याच्या पोटातली सौंसर तहसील मराठी होती, तीही राहिली, आणि पांढुर्णा तेव्हा सौंसरच्याच हिशोबात. बैतूल जिल्ह्यातल्या मुलताई-भैसदेहीच्या मराठी माणसांचंही तसंच झालं. राजधानी भोपाळला गेली, हायकोर्ट जबलपूरला.

मी तेव्हा दोन वर्षांची होते. मला आठवायचं काही कारण नाही. पण बापूजी ही गोष्ट पुढं अनेक वर्षं एकाच वाक्यात सांगत: "दुखणं आलं तर नागपूर, खटला आला तर जबलपूर, अर्ज करायचा तर भोपाळ, आणि सही घ्यायची तर छिंदवाडा." छिंदवाड्याला जायचं तर घाट चढून जावा लागे, दिवस मोडे. नागपूरला सकाळच्या गाडीनं जाऊन संध्याकाळी दिवा लागायच्या आत, म्हणजे आमच्या जेवणाच्या वेळेला, परत येता येई. दुकानाचा माल नागपूरचा, वर्तमानपत्र नागपूरचं, सोयरीक नागपूर-काटोल-वरुडची. आणि राज्य दुसरं.

त्या रेषेचा परिणाम हळूहळू झाला. माझ्या पिढीतल्या बऱ्याच मुली मराठी शाळेत गेल्या. माझ्या धाकट्या भावाच्या वेळी लोक म्हणू लागले, नोकरी भोपाळची, तर हिंदीतच शिकवा. त्याच्या मुलांनी घरात मराठी बोलली, पण मराठी वाचता येतं ते एस.टी.च्या पाट्यांपुरतं. माझं हे पुस्तक त्यांना कुणीतरी वाचून दाखवावं लागेल. बेळगावला अशाच रेषेसाठी केवढी चळवळ झाली, माणसं गेली. आमच्याकडे अर्ज झाले, सभा झाल्या, पण गावं पेटली नाहीत. लोकांनी रेषा मान्य केली असं मी म्हणणार नाही. त्यांनी ती ओलांडत राहायचं ठरवलं. सकाळी ओलांडायची, संध्याकाळी परत यायचं. मुलगी तिकडे द्यायची, सून तिकडून आणायची. असं करत करत सत्तरएक वर्षं झाली.

आमच्या भागाला पैसा आला तो कापसानं, आणि नंतर संत्र्यानं. संत्र्याची कलमं जंबेरीच्या खुंटावर बांधतात. मग चार-पाच वर्षं झाड लेकरासारखं सांभाळावं लागतं. बहार दोन. आंबिया बहाराचं फूल माघ-फाल्गुनात येतं आणि फळ दिवाळीच्या आगेमागे. मृगाच्या पावसावर फुलतं तो मृग बहार, त्याचं फळ होळीच्या सुमाराला. कोणत्या बहाराला पाणी तोडायचं, कोणत्याला द्यायचं, यावर आमच्याकडचे शेतकरी असे वाद घालतात की ऐकणाऱ्याला वाटावं आता हाणामारी होणार. होत नाही. चहा होतो. बाजारात हे संत्रं 'नागपुरी' म्हणूनच जातं. झाड मध्य प्रदेशात, नाव महाराष्ट्राचं. आमच्याही बाबतीत फार वेगळं नाही. पुढं सौंसरजवळ बोरगावला औद्योगिक वसाहत झाली, रेमंडची मोठी कापड गिरणी आली, शेतकऱ्यांची मुलं पाळीवर जाऊ लागली. शेती आणि पाळी दोन्ही करणारी घरं आज पुष्कळ आहेत.

आता ती नदी.

जाम नदी मोठी नाही. उन्हाळ्यात तिच्यातून बैलगाडी जाते. ती सौंसरच्या मुलखातून वाहत पुढं कन्हानला मिळते. सौंसरजवळ जामसावळीला याच नदीच्या काठी आडवा पहुडलेला हनुमान आहे. शनिवार-मंगळवारी तिथं दुरून माणसं येतात, हात जोडतात. आणि वरती पांढुर्ण्यात हीच नदी गाव आणि सावरगाव यांच्यामधून जाते. आता तर दोन्हीकडची वस्ती एकमेकीला भिडली आहे. नदी काढून टाकली तर कुठं एक संपतं आणि दुसरं सुरू होतं हे परक्याला कळायचं नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे सावरगावकडून पळसाचं झाड आणून नदीच्या मधोमध रोवतात. त्याला झेंडा बांधतात. पूजा होते, चंडीमातेचं दर्शन होतं. मग ढोल वाजतात आणि दगड सुरू होतात. पांढुर्ण्याच्या बाजूनं झाडापर्यंत पोचून झेंडा तोडायचा, सावरगावच्या बाजूनं तो वाचवायचा. संध्याकाळपर्यंत निकाल लागला नाही तर दोन्हीकडचे वडीलधारे समेट करतात आणि झाड चंडीमातेच्या देवळात नेतात. जमावबंदीचे आदेश निघतात, पोलीस येतात, काठावर दवाखान्याचे तंबू पडतात. दरवर्षी शेकड्यांनी माणसं जखमी होतात. डोळे गेले आहेत, माणसं मेली आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच माणसं एकमेकांच्या दुकानातून साखर आणि मीठ घेतात.

याच्या दोन गोष्टी सांगतात. एक, भोसल्यांच्या सैन्याचा इथं दगडफेकीचा सराव चालायचा, त्याची ही आठवण. दुसरी सगळ्यांना आवडते. पांढुर्ण्याच्या मुलाचं सावरगावच्या मुलीवर प्रेम बसलं. तो तिला घेऊन पहाटे नदी ओलांडत होता. सावरगावच्या लोकांनी पाहिलं, दगड मारले. ते पाहून पांढुर्ण्याचे लोक आले, त्यांनी उलट मारले. दोघंही नदीच्या मधोमध मेली. मग लोकांना पश्चात्ताप झाला, त्यांनी दोघांना चंडीमातेच्या देवळात नेलं. पळसाचं झाड म्हणजे ती मुलगी, असंही म्हणतात. ही गोष्ट मी शेकडो वेळा ऐकली आहे. त्या मुलीचं नाव मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

आमच्या घरी हा दिवस वेगळ्याच पद्धतीनं अवघड असे. श्वेतांबरांचं पर्युषण श्रावण वद्य बारसेला सुरू होतं आणि भाद्रपद शुद्ध चौथीला संवत्सरीनं संपतं. पोळ्याची अमावास्या बरोबर त्याच्या मध्ये पडते. पाचव्या दिवशी, म्हणजे भाद्रपद प्रतिपदेला, कल्पसूत्रातलं भगवान महावीरांच्या जन्माचं वाचन होतं. त्रिशला मातेला पडलेली चौदा स्वप्नं चांदीची केलेली असतात, ती एकेक करून वरून खाली उतरवतात, पाळणा हलवतात. गोटमार कधी नेमकी त्याच दिवशी येते, कधी एक दिवस आधी. उपाश्रयात महाराजसाहेब सांगत असायचे की उकळलेलं पाणी प्या, पाहून पाऊल टाका, जमिनीवर मुंगी असेल. आणि खिडकीतून नदीकडचा ढोल ऐकू येत असायचा. व्याख्यानात गोटमारीचा उल्लेख कधी होत नसे. आमच्या समाजाची दुकानं त्या दिवशी बंद, दारं बंद. आम्ही दगड मारत नाही, एवढ्यावर आमचं समाधान होतं.

मी अकरावीत असताना ते समाधान मोडलं. माझा धाकटा भाऊ तेव्हा तेरा-चौदा वर्षांचा. बाईचा उपवास होता. भाऊ 'उपाश्रयात जातो' म्हणून गेला आणि दुपारी दोन पोरांच्या खांद्यावरून घरी आला. भुवईच्या वर जखम, सगळा सदरा लाल. बाईनं एक शब्द काढला नाही. हळद भरली, धोतराचा पदर फाडून बांधला. बापूजींनी विचारलं, "बघायला गेला होतास का मारायला?" तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "बघायलाच. पण हातात दगड आला." पुढं तो आणखी काही म्हणाला नाही, आणि बापूजींनी विचारलंही नाही. मला वाटतं, बघणाऱ्याच्या हातात दगड येतो, हे त्यांनाही माहीत होतं.

त्या दिवशी संध्याकाळी आमच्याकडे भांडी घासायला येणारी मावशी आली नाही. ती दुसऱ्या दिवशी आली. तिचं माहेर सावरगावचं, सासर पांढुर्ण्याचं, नदीकाठच्याच गल्लीत. भावाचं डोकं बांधलेलं पाहून ती दारातच बसली. बाई म्हणाली, "काल आली नाहीस?" मावशी म्हणाली, "कशी येऊ बाई? माहा भाऊ तिकून आन् माहा नवरा इकून. दोघंबी घरी येईतो म्या तोंडात पानी घेत नाही. गोटा इकून सुटला तरी माह्याच घरावर, तिकून सुटला तरी माह्याच घरावर." बाईनं आपला उपवास मोजून केला होता, पच्चक्खाण घेऊन. या बाईचा उपवास कुणी मोजला नव्हता. बाईनं तिला आधी चहा करून दिला. आणि चौथ्या दिवशी, संवत्सरीला, सगळ्या नातेवाइकांच्या आधी तिच्यासमोर हात जोडून म्हणाली, "मिच्छामि दुक्कडं." मावशी घाबरली. तिला वाटलं, आपल्या हातून काही फुटलं.

बाईनं तेव्हा माफी कशाबद्दल मागितली, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. घराचं दार बंद करून बसण्याबद्दल ती होती.

जगात असं फक्त आमच्याकडेच होतं असं नाही. हिमाचलात शिमल्याजवळ धामीला दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी दगडांचा मेळा भरतो. उत्तराखंडात देवीधुरा इथं राखीपौर्णिमेला बग्वाल होतो. तिथं २०१३मध्ये उच्च न्यायालयानं दगडांना मनाई केली आणि लोकांनी फळं-फुलं हातात घेतली. जपानमध्ये 'इंजी-उची' नावाचा प्रकार होता. पाचव्या महिन्याच्या पाचव्या दिवशी पोरं आणि तरुण नदीच्या दोन काठांवरून दगडांची लढाई करत, माणसं मरत. राज्यकर्त्यांनी त्यावर पुन्हा पुन्हा बंदी घातली. आज ५ मे हा तिथं मुलांचा दिवस आहे आणि घराघरांवर कापडाचे रंगीत मासे वाऱ्यावर पोहतात. कापडवाल्याच्या मुलीला ही गोष्ट आवडली नाही तरच नवल. इटलीत इव्हरेआ नावाचं लहान गाव आहे, तिथं कार्निव्हलला लोक एकमेकांना चक्क संत्री मारतात. संत्री तिथं पिकत नाहीत, दक्षिणेतून गाड्या भरून आणतात.

ही इव्हरेआची गोष्ट मी माहेरी सांगितली तर भाच्यानं लगेच सुचवलं, "मग आत्या, आपल्याकडे तर संत्रीच संत्री!" शेजारी एक बागायतदार बसले होते. ते म्हणाले, "भादव्यात संत्रं हिरवं असतं पोरा. आन् ज्याची बाग हाय तो काय फेकून मारीन?" बरोबर आहे. दुसऱ्या गावाचा उपाय उचलून आणता येत नाही. आमच्या प्रशासनानं एकदा रबरी चेंडू देऊन पाहिले. लोकांनी चेंडू बाजूला ठेवले आणि दगड उचलले. चेंडू वरून आले होते. दगड आपले होते.

मी यावर बराच विचार केला आहे. आमच्या भागावर इतरांनी किती रेषा ओढल्या! घाटावर आणि घाटाखाली. मध्य प्रांत आणि वऱ्हाड. १९५६ची भाषेची रेषा, जिनं नात्यागोत्यातून, शाळांतून, कोर्टकचेऱ्यांतून आम्हाला कापलं. त्यातल्या एकाही रेषेवर आमच्या लोकांनी दगड उचलला नाही. उलट ती रोज ओलांडली. आणि जी रेषा कुठल्याच सरकारनं ओढली नाही, जिच्या दोन्हीकडे एकच भाषा, एकच देवी, एकच बाजार, त्या उथळ नदीवर मात्र आम्ही एकमेकांची डोकी फोडतो. वरच्या रेषेपुढे आपला हात पोचत नाही, म्हणून तो राग जवळच्या काठावर निघतो का? असेलही. पण दर वेळी दुसऱ्याच्या माथी कारण मारणं मला पटत नाही. ही रेषा आपली आहे, म्हणून ती पुसणंही आपल्याच हातात आहे, असं मला वाटतं. भोपाळ-जबलपूरला विचारायला जायचं कारण नाही.

५ ऑक्टोबर २०२३ला मैहरसोबत पांढुर्णाही जिल्हा झाला. त्याआधी ऑगस्टमध्ये जामसावळीच्या कार्यक्रमात मुख्यमंत्र्यांनी घोषणा केली होती. इंग्रजी अमदानीत पांढुर्णा हे सौंसर तहसिलीतलं गाव होतं. आता सौंसर ही पांढुर्णा जिल्ह्यातली तहसील. आमच्या सासरी त्यावर फार नाराजी झाली. पुतण्या म्हणाला, "काकू, आता आम्हाला तुमच्या माहेरी जाऊन सह्या घ्याव्या लागणार!" मी म्हटलं, "घ्या. आम्ही साठ वर्षं घाट चढून घेतल्या." पण मनातून मला बरं वाटलं. कलेक्टर गावातच, घाट चढायला नको. नवी रेषा आली, पण ही पहिलीच अशी की जिनं अंतर कमी केलं.

जिल्हा झाल्यानंतरची पहिली गोटमार ३ सप्टेंबर २०२४ला झाली. कलेक्टर गावचा, कचेरी गावची, तंबूही तेच आणि दगडही तेच.

गोटमार बंद करायची का, कशी करायची, यावर दरवर्षी बैठका होतात. दोन्ही काठांचे पुढारी, पंच, पोलीस, अधिकारी बसतात. त्या बैठकीचे फोटो मी पाहत असते. त्यात बायका जवळजवळ नसतातच. माझं मागणं एवढंच आहे. एका वर्षी ही बैठक अशा बायकांची घ्या, ज्यांचं माहेर एका काठाला आणि सासर दुसऱ्या काठाला आहे. त्या शोधायला लांब जावं लागणार नाही, नदीच्या दोन्ही बाजूंना प्रत्येक गल्लीत त्या सापडतील. झाड रोवायचं तर रोवू द्या, पूजा होऊ द्या, ढोल वाजू द्या, देवीला झाड नेऊ द्या. दगडाचं काय करायचं, ते त्यांना विचारा. आमच्याकडची मावशी आता नाही. ती असती तर काय म्हणाली असती ते मला माहीत आहे, आणि ती बैठक फार वेळ चालली नसती.